बियाण्याच्या बरबटीची कांडी

आमची वहिनी आधी करते आणि मग विचारते. या एका खोडीवरून मी तिला वीस वर्षं चिडवत आलो आहे.

गेल्या उन्हाळ्यात नागपूरला बाबांच्या गळ्याच्या कॅन्सरवर रेडिएशनचे शेक दिले. तोंड आतून पार सोललं. मीठ झोंबे, तिखटाचं नाव नको, कोमट वरणही गिळवेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन आणखी उतरलं तर पुढचे शेक थांबवावे लागतील. मी घाटंजीतल्या दुकानांतून ताकदीच्या पावडरींचे डबे आणले. बाबांनी एक घोट घेतला, "चुन्याची निवळी हाये," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. आठ दिवस ते तसेच पडून होते. शेतातलंही काही विचारत नव्हते. मला रडू येई, आणि रडू आलं की मी आणखी एक डबा आणे.

वहिनीने मोबाईलवर पाहिलं, की कुठल्याशा मुलुखात लाल दाणे शिजवून, दुधात घोटून, गोठवून त्याच्या कुल्फीसारख्या थंडगार कांड्या करतात. "मामाजीले बरबटी जीव की प्राण," ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. खरंच होतं ते. चवळीला आमच्याकडे बरबटी म्हणतात, आणि तुरीच्या कडेने लाल बरबटी लावल्याशिवाय बाबांचा हंगाम कधी गेला नाही.

घरात उरलेली सगळी बरबटी तिने भिजवली, कुकरात घातली, वर हळद, मीठ, तेलाची धार सोडली आणि झाकण लावलं. वीस वर्षं दोन्ही वेळचा कुकर लावणारा हात तो, त्याला काय ठाऊक आज गोड करायचंय? शिट्ट्या झाल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवशी आम्ही निमूट उसळ खाल्ली. "कांडी चांगली झाली," मी म्हणालो, तर पळी उगारली.

आता लाल बरबटी उरली होती ती फक्त बियाण्याची. बाबांनी शेंगा निवडून, दाणे राखेत घोळवून डब्यात ठेवलेली. आठवडी बाजार चार दिवसांवर होता. बी खायचं नाही, हा आमच्या घरातला सगळ्यात जुना नियम. मी म्हटलं, बाबांना विचारू.

"इचारलं त नाही म्हणतीन," वहिनी म्हणाली आणि डबा उघडला.

राख तिने तीन पाण्यांनी धुतली. शिजलेले दाणे पुरणाच्या चाळणीतून घासून काढले, एक साल राहू दिलं नाही, कारण तेवढंही बाबांच्या घशाला टोचलं असतं. त्यात आटवलेलं दूध, साय, साखर. वेलदोडा झोंबेल म्हणून टाकलाच नाही. साचे नव्हते, तेव्हा चहाचे छोटे स्टीलचे पेले भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले आणि अर्धवट गोठल्यावर प्रत्येकात एकेक चमचा उभा केला. घामाने पदर भिजला होता, पण चेहरा शांत. मी शिकला-सवरलेला माणूस, पण मला पेले धुण्यापलीकडे काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पेला पाण्यात बुडवून कांडी सोडवली आणि बाबांच्या हाती दिली. "लेकराईचं खाणं," ते पुटपुटले. मग जीभ लावली. थोड्या वेळाने पुन्हा लावली. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो होतो. सगळी कांडी संपायला अर्धा तास लागला असेल. नुसता चमचा हातात उरला तेव्हा त्यांनी वहिनीकडे पाहिलं.

"बरबटी त सरली होती. हे कुठची?"

"ब्याची हाये, मामाजी."

बाबांचा चेहरा ताठ झाला. "बी खाऊ घातलं मले? आता पेरू काय मी?"

"पेरणारा राह्यला पाह्यजे," वहिनी म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "बी काय, धुंडून आणता येते."

बाबांनी चमचा पुन्हा एकदा चाटून घेतला.

"डब्यात किती हाये अजून?"

"अर्धा डबा."

"दोन ओळीपुरती ठेव," बाबा म्हणाले. "बाकीची भिजू घाल."