धान उकडणाऱ्या बाई

वाफाळत्या हौदातून धानाचा एक दाणा उचलायचा, फुंकर मारून दाताखाली दाबायचा आणि एक डोळा मिटायचा. "अजून नाई," असं बाईंनी म्हटलं, की कोणी कितीही घाई केली तरी धान बाहेर निघत नसे. आमच्या सावली गावच्या मिलमध्ये उसना तांदूळ होतो. धान भिजवून, वाफेवर उकडून, वाळवून मग भरडायचं. त्या उकडण्यावर शेठचा नव्हे, बाईंचा हुकूम चाले. मी सुपरवायझर, थर्मामीटर घेऊन शेजारी उभा. बाई म्हणत, "भाऊ, तुमच्या काचेच्या कांडीले कधी भूक लागली का? तिले भातातलं काय समजते!"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पगार सगळ्यांत कमी, आणि त्यांच्यावाचून पान हलत नाही.

शेठनी टांझानियात मिल घेतली, त्याच वर्षी इथे येणारा धान वाळवायचा ड्रायर रद्द झाला. ढगाळलं की अंगणातलं धान वाळत नसे, काम थांबे, आणि बाया मिरची तोडायला तेलंगणात निघून जात. "आपल्या घामाचा पैसा समुद्रापार चालला," असं फाटकावर सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणत होतो.

तिकडची मिल सुरू झाली आणि तांदूळ तुटून नुसती कनकी होऊ लागली. शेठनी बाईंना तीन महिन्यांसाठी तिकडे येता का, म्हणून विचारलं. बाई आलापल्लीच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. मी त्यांना बाजूला घेतलं.

"बाई, जाऊ नोका. तिथल्या लोकायले शिकवाल, त उद्या शेठ इथलीच मिल बंद करन."

"दुसऱ्याले चूल पेटवाले शिकवलं म्हणून आपली इझते का, भाऊ? पण शेठशी बोलूनच जाईन मी."

शेठनी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. "जाईन. पण तुम्ही तिथी पेरून राह्यले, त उगवलं त्यातलं थोडं इथी आलं पाह्यजे. पह्यला नफा झाला का आमचा ड्रायर. कबूल?"

शेठ हसले. बाई हसल्या नाहीत. मग शेठनीही हसू आवरलं. "कबूल."

विमानात मिळालेला भात त्यांनी परत पाठवला. "कच्चा हाये," म्हणे.

तीन महिन्यांचे पाच झाले. तिथल्या बायांची भाषा त्यांना येत नव्हती. शेवटपर्यंत त्या आपल्या झाडी बोलीतच बोलल्या, आणि त्या बाया शिकल्या. तिथल्या चाळण्या टिकत नाहीत हे पाहून बाईंनी आमच्याकडच्या मूल गावातल्या एका कारखानदाराचं नाव सुचवलं. आजही तिकडच्या चाळण्या मूलहून जातात. त्यापायी त्या कारखान्यात चार माणसं वाढली.

पुढच्या वर्षी तिकडच्या मिलला नफा झाला. शेठ तिकडे दुसरी मिल टाकायच्या गोष्टी बोलू लागले. एका सकाळी बाईंनी हौदात पाणीच सोडू दिलं नाही. "आज धान भिजणार नाई." बाकीच्या बायाही त्यांच्याजवळ येऊन बसल्या. दहाच्या सुमारास शेठ आले, रागानं लाल. बाई उठून उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "कबूल म्हटलं होतं, शेठ."

शेठनी कोरड्या हौदाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाणी सोडा. ड्रायर येईल."

दिवाळीच्या आधी तो आला. अंगणातल्या बायांचं आता काय होईल, ही धास्ती मला होती. पण उकडीचं काम दुपटीनं वाढलं, सगळ्या आत लागल्या. त्या हिवाळ्यात आमच्या मिलमधून मिरचीला कोणी गेलं नाही. फाटकावरचं माझं बोलणं मी चारचौघांत मागे घेतलं. बाहेर पेरलेला पैसा घरी काही आणतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मात्र तो आपोआप येत नाही. कोणाला तरी त्याची वाट अडवून उभं राहावं लागतं.

गेल्या वर्षी बाई वारल्या. आम्ही तिकडे कळवलं. काही दिवसांनी तिथून मिलचा एक व्हिडिओ आला. हौदाचं झाकण उघडलं, वाफेचा लोट उठला, आणि कधीही भारत न पाहिलेली एक तरुण बाई मागे वळून ओरडली, "सरका वो बायाहो, भाजाल!"

तिथल्या सगळ्या जणी मुकाट्यानं दोन पावलं मागे सरकल्या.