शिवेचा वळ

आमच्या ॲशकोम गावाची शीव कागदावर नव्हती, पोरांच्या पाठीवर होती. दर वसंतात पाद्री आणि म्हातारेकोतारे शिवेवरून फिरत आणि प्रत्येक दगडापाशी एकेका पोराला वाळुंजाच्या ओल्या फोकाने झोडत. मार खाल्लेली जागा माणूस जन्मात विसरत नाही, एवढा साधा हिशेब. जाइल्स हॅडलीने लहानपणी मार खाल्ला तो ओढ्याकाठच्या ठेंगण्या दगडापाशी. रडणं थांबल्यावर त्याच्या हातावर गोड पाव ठेवला होता. शिवेच्या आतलं रान सगळ्या गावाचं. मोठेपणी तिथेच त्याची एकुलती एक गाय चरायची आणि त्या गायीवर त्याचं घर चालायचं.

मग लोकरीला भाव आला आणि माणसाचा उतरला. जमीनदाराने रानाला कुंपण घालून मेंढ्या सोडल्या. त्याच्या गड्यांनी तो ठेंगणा दगड उपटला तेव्हा जाइल्स घरात जवाची पेज पीत बसला होता. हातातलं भांडं गळून पडलं. उजव्या खांद्याखाली कुणीतरी सपकन फोक ओढला होता, आणि मागे तर कुणीच नव्हतं.

त्याच्या बायकोने, थॉमसिनने, सदरा वर करून पाहिलं. वळ ताजा, लालभडक.

"अगंबाई! अहो, मारलं कुणी तुम्हाला?"

"ओढ्यावर जाऊन बघ. दगड गेला असणार."

ती गेली आणि पांढरीफटक होऊन परत आली. दगडाच्या जागी नुसता खड्डा होता.

गाव फिर्याद घेऊन गेलं, पण न्यायाधीश पडला जमीनदाराचा मेव्हणा. बळी तो कान पिळी. गाय विकावी लागली. वळ काही बरा होईना. थंडीत तर जाइल्स रात्ररात्र पालथा पडून कण्हायचा. थॉमसिन चरबी चोळून चोळून थकली.

"स्वतःच्या जमिनीत खुंट ठोकेन त्या दिवशीच हा जाईल," तो म्हणायचा.

"मग ठोका की! वीतभर कुठे उरलीय का, तेवढं मेंढ्यांना विचारून या."

शेवटी दोघं जहाजात चढली. तिथे ज्याचं त्याचं दुखणं वेगळं. एकाचं प्रार्थनेवरून पाद्र्याशी वाकडं, एकाची सगळी शेती थोरल्या भावाने गिळलेली, एकाचा माग बंद पडलेला. दलालाने मात्र सगळ्यांना एकच सांगितलं होतं, समुद्रापार जमीन रिकामी पडली आहे. भुकेल्या माणसाला असलं बोलणं पटकन पटतं.

जमीन खरंच रिकामी होती. जरा जास्तच. झाडं तोडून साफ केलेलं शेत, मक्याची जुनी आळी ओळीने, पलीकडे ओढा. ओढ्याकाठी झाडाच्या सालीच्या झोपड्या, दारं सताड उघडी. एका झोपडीत दळायच्या दगडावर पीठ तसंच पडून बुरसलेलं. भर दुपारी एकही पाखरू ओरडत नव्हतं. गवतात थॉमसिनच्या पायाखाली काहीतरी कचकन मोडलं. वाकून पाहिलं तर लहान मुलाची बरगडी.

"साथीत गेले सगळे," वसाहतीचा मुकादम म्हणाला. "देवानेच जागा मोकळी करून ठेवली आपल्यासाठी."

"आमचा जमीनदारही देवाचंच नाव घ्यायचा," थॉमसिन पुटपुटली.

जाइल्सचं लक्षच नव्हतं. त्याने ओढ्याकाठी खुंट उभा धरला आणि घण घातला. पहिल्याच घावाला पाठ दुखायची थांबली. इतक्या वर्षांची आग एकदम विझली आणि त्याला रडूच फुटलं.

"थॉमसिन, गेला गं! बघ!"

तिने सदरा वर केला. पाठ लहान पोरासारखी नितळ होती.

डोळे पुसून जाइल्सने समोर पाहिलं. झाडांच्या कडेला कातडं पांघरलेला एक म्हातारा उभा होता, थोडा वाकून. त्याचा हात मागे, उजव्या खांद्याखाली गेला होता. हात पुढे घेऊन त्याने तळवा पाहिला. मग तो खुंटाकडे बघत राहिला, जागा नीट लक्षात ठेवावी तसा.

"अहो, तो कोण? सगळे गेले म्हणाला ना मुकादम?"

तो कोण ते जाइल्सला पुरतं ठाऊक होतं. खुंट अजून पक्का बसला नव्हता, एका हिसक्यात निघाला असता. पण निघाला की वळही आपल्या पाठीवर परत येणार. जाइल्सने मान खाली घातली.

"दुसरा खुंट दे," तो म्हणाला.