दंगेखोर म्हणून छापलेला माणूस

फ्रँकफर्टला आमच्या गल्लीत कपडे अल्टर करून देणारे एक तुर्की काका आहेत. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. बोलायचं असलं की आधी एकेक टाचणी काढून बाहीला खोचतात.

एका रविवारी त्यांच्या तुर्की क्लबची फुटबॉल मॅच बघायला मीही गेलो होतो. शेवटी दोन्हीकडचे प्रेक्षक एकमेकांच्या अंगावर धावले. काका मध्ये घुसले आणि हात वर करून ‘मागे व्हा!’ म्हणून ओरडत राहिले.

सोमवारी पेपरात त्यांचा फोटो आला: वर केलेले हात, वासलेलं तोंड. मथळा होता, ‘तुर्की प्रेक्षकांचा धुडगूस’. समोरच्या जर्मन प्रेक्षकांचा फोटोत पत्ताच नाही.

माझं डोकंच फिरलं. "काका, तक्रार करा!"

"केली. म्हणाले, फोटो खरा आहे. खराच आहे हो. मी काय ओरडत होतो, तेवढं त्यात ऐकू येत नाही."

मग मीच संपादकांना लिहिलं, की मी तिथे होतो, या माणसाने भांडण सोडवलं. एका ओळीचं उत्तर आलं: ‘आपणही त्यांच्यातलेच का?’

मी पुण्याचा जोशी. रागाने एकच शब्द लिहून पाठवला, ‘हो.’