मूठ माझी, हात लोकांचा

बाभळीचं लाकूड कानशीनं घासलं की भुसा उडतो. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी तो पदरात, केसांत, भाकरीच्या टोपल्यात सापडतोच. आमच्या चाकूच्या संस्थेच्या गोष्टींचं तसंच आहे. एक झटकायला जावं तर दोन निघतात. आणि बघा, त्यातल्या बहुतेक गोष्टींत येडी मीच!

त्या साली लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस फिरकला नव्हता. आमचं गाव आष्टीकडचं. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जाणारं. माझी सून राधा तेव्हा पोटुशी. ती गेली असती तर बाळंतपण उसाच्या फडातल्या पाचटाच्या कोपीतच. माझं पहिलं तिथंच झालं होतं, म्हणून मला तिचं तिथं नको होतं.

तेवढ्यात माझ्या धाकट्या जावेनं, मंजुळानं, पाच बायकांची सहकारी संस्था काढली. घडीचे छोटे चाकू करायचे, खिशात नाहीतर कमरेला मावतील असे. पातं बापू लोहाराचं, लाकडाची मूठ आमची. दसऱ्याआधी जिल्ह्याचे साहेब येऊन नमुने बघणार. पास झाले तर वर्षभराचं काम गावातच. नाही झाले तर ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक दारात उभाच.

मुठीचं डिझाइन माझ्याकडे आलं. कावून? तर बाकीच्या चौघी मीटिंगला उशिरा आल्या म्हणून! शाळेची पायरी मी आजवर फक्त मतदानाला चढलेली, आणि एकदम डिझायनर!

*

पहिल्या दहा मुठी मी लई मन लावून केल्या. घासायची, हातात धरायची, परत घासायची. हातात अशी बसायची की सोडू नये वाटावं. टोपलीत घालून मिरवत बापूकडे नेल्या.

बापूचा पंजा सुपाएवढा. त्यानं एक मूठ उचलली, तर बोटांत दिसेनाच.

"गयाकाकू, ह्यो चाकू हाय का कान कोरायचं?"

"मूठ झ्याक हाय. तुजा हात मोठा हाय."

"आन् समदं जग तुज्या हाताचं हाय व्हय?"

दहाच्या दहा मुठी माझ्याच मापाच्या! दुसऱ्यांनासुद्धा हात असतात हे डोक्यातच आलं नव्हतं.

*

मग माप घ्यायचं ठरलं. मातीचा गोळा दाबून घेतला असता, पण माती भिजवायला पाणी कुठलं? भाकरीचं पीठ मळलंच होतं, त्याचेच गोळे केले. जो येईल त्याला म्हणायचं, "दाबा मुठीत." बोटं छान उमटायची. विकास सोसायटीचे चेअरमन रस्त्यानं चालले होते, त्यांनाही दाबायला लावलं. त्यांची तर अंगठीसुद्धा उमटली. सात मुठी सुपात ओळीनं मांडल्या आणि मी जाडी मोजायला सुतळी आणायला शेजारी गेले, ती गप्पांत रमले.

परत आले तर सूप रिकामं! आमचे मालक बैलं घेऊन चारा छावणीवरून आले होते, पोटात आग पडलेली. चुलीजवळ बसून ठेच्याबरोबर शेवटचा घास घेत होते.

"अवो, हितल्या मुठी कुटं गेल्या?"

"मुठी व्हत्या व्हय त्या? मला वाटलं तुला भाकर थापायचा कंटाळा आला. तव्यावर भाजल्या आन् खाल्ल्या."

"चेअरमनची बी?"

मालकांनी हात पुसले. "तरीच! म्हनलं ह्या एकीला नक्षी कावून? बरं झालं बग. जन्मात पैल्यांदा चेअरमनच्या हातातलं कायतरी माज्या पोटात गेलं!"

*

त्या गोळ्यांवरून माझ्या डोक्यात आलं, लाकडातच बोटांच्या खाचा पाडाव्यात. चार बोटांना चार खाचा. दिसायला अशा देखण्या की मंजुळा म्हणाली, "जाऊबाई, हे तर फॉरेनचं वाटतंय!" मी फुगले.

पहिलं गिऱ्हाईक सोपान धनगर. मेंढरामागं सारा जन्म गेलेला, आणि उजव्या हाताचं एक बोट कधीचंच गेलेलं. त्यानं मूठ धरली, उलटी केली, परत धरली.

"काकू, ही खाच कशापायी मोकळी ठिवली? गेलेलं बोट माघारी यायचंय का?"

वर त्यानं दाखवलं, काटा काढताना चाकू असा धरायचा, फांदी छाटताना तसा, मेंढीचा खूर तासताना आणखी निराळा. माझ्या खाचांत हात एकाच तऱ्हेनं बसायचा. म्हणजे चाकू कसा धरायचा ते सोपानला मी शिकवणार, जिनं जन्मात मेंढीचा खूर हातात धरला नाही!

त्या महिन्याच्या वहीत मंजुळानं कामाचा अहवाल लिहिला. दोनच ओळी. "गयाकाकूंनी खाचा पाडल्या. गयाकाकूंनी खाचा घासून काढल्या."

*

खाचा गेल्या, तर मी गुळगुळीतपणाच्या मागं लागले. करडईचं तेल चोळून चोळून मूठ अशी चमकवली की तोंड दिसावं. पाण्याच्या टँकरची वाट बघत बायका विहिरीजवळ बसल्या होत्या. त्यांना दाखवायला म्हणून मी कासऱ्याचा तुकडा धरला आणि चाकू ओढला. कासरा तसाच राहिला, चाकू हातातून निसटला तो सरळ विहिरीत!

सगळ्या आत वाकल्या. तळाशी कोरड्या दगडावर चाकू लख्ख दिसत होता.

"बरं झालं बाई, विहिरीला पानी न्हाई," मी म्हणाले.

त्या साली असं म्हणणारी अख्ख्या तालुक्यात मी एकटीच!

*

शेवटी एक मूठ झाली. साधी, पोटाला फुगीर, मानेला बारीक, तेल नावाला. राधाचे हात तेव्हा सुजायचे, म्हणून तिच्याकडे दिली. ती दुपारभर शेळीसाठी बाभळीच्या डहाळ्या तोडत बसली.

"कशी हाय गं मूठ?"

"काय की आत्याबाई. काईच वाटत न्हाई."

तीन आठवडे घासलेली मूठ, आणि सुनेला काहीच वाटेना! मी जेवले नाही त्या दुपारी. हातात जाणवत नाही तीच खरी मूठ, असं बापूनं समजावलं तेव्हा कळलं की ती शाबासकी होती.

*

साहेब आले त्याच्या आदल्या दिवशी मुकादम येऊन, टोळीत राधाचं नाव घालू का, असं विचारून गेला होता. मी "उद्या सांगते" म्हणाले होते.

साहेब जीपमधून उतरले. हातात कागद, मागं ड्रायव्हर. टेबलावर सहा चाकू मांडलेले. एक खाचांचा उरला होता, तोही शोभेला ठेवलेला. चहाला दूध नव्हतं, म्हणून मंजुळानं कडा गावच्या बाजारातून आणलेला ऊस साहेबांपुढं ठेवला.

साहेबांनी खाचांचा चाकू निरखला, कौतुकानं परत ठेवला. मग बोलायला लागले.

"हे डिझाइन बघा! याला म्हणतात ग्रिप. बाकीच्या मुठी अगदीच साध्या आहेत. यांत काय आहे? काहीच नाही."

बोलता बोलता त्यांनी जवळचा एक चाकू उचलला, साधाच, आणि ऊस सोलायला लागले. एक पेर सोललं. "बोटांना आधार पाहिजे." दुसरं सोललं. "मॉडर्न जमाना आहे, बाई." तिसरं, चौथं. आम्ही पाचजणी साहेबांकडे कुठं बघतोय, आमचे डोळे त्यांच्या हाताकडे! चाकू उलटा होत होता, सुलटा होत होता, उसाच्या डोळ्यांचे बारीक तुकडे उडत होते, आणि साहेबांचं हाताकडे लक्षच नाही. दारामागून राधा बघत होती, पदर तोंडात कोंबून.

ऊस संपला. साहेबांनी रुमालानं हात पुसले.

"सगळ्यांना खाचा पाडा. मग बघू."

असं म्हणून त्यांनी चाकू मिटला, पँटच्या खिशात टाकला आणि जीपकडे चालायला लागले.

"जाऊबाई, नमुना चालला की!" मंजुळा धावायला निघाली. मी तिचा पदर धरून ठेवला.

जीप सुरू झाली. पिंपळापर्यंत गेली. थांबली. तशीच मागं मागं आमच्या दारापर्यंत आली. साहेब उतरले. एक हात खिशात. आमच्यापैकी कुणाकडेच न बघता बॉनेटवर मंजुरीचा कागद ठेवला, सही केली आणि मंजुळाच्या हातात दिला.

"हा एक नमुना ऑफिसला लागतो," साहेब म्हणाले. "राहू दे माझ्याकडे."

"ऱ्हाऊ द्या की साहेब," मी म्हणाले. "फकस्त खाचा तेवढ्या तुमच्या तुमी पाडून घ्या!"