पोकलेन मुकं झालं तो शनिवार

ये गं, अशी माझ्याजवळ बस. मनानंच बस म्हणते, कारण तिकडे लांब ब्रॉसार्डहून तू काही हलायची नाहीस. ‘नक्की येते मावशी’ म्हणत किती उन्हाळे घालवलेस! आणि वर परवा फोनवर फिदीफिदी हसलीस. म्हणे, पोकलेनला कसलं हळदकुंकू लावता? हसतेस काय, शहाणे? आधी ऐक.

आपल्या यार्डात जुनी पोकलेनं येतात, तुला ठाऊकच आहे. तुझे काका ती दुरुस्त करून विकतात, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत लोकांकडे खोदाईलाही नेतात. वायरिंग माझ्याकडे. मला शिकवलं कुणी नाही. उघडत गेले, फ्यूज उडवत गेले, शिकत गेले. खंडेनवमीला आमच्याकडे काम बंद. पान्यांपासून स्कॅनरपर्यंत सगळी हत्यारं मांडायची, मशीन धुऊन पुसून घ्यायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. कोल्हापूरच्या वर्कशॉपात व्हायचं तसंच, इथे परदेशातही.

तर एका वर्षी दसऱ्यानंतरच्या शनिवारी इथे आमच्या गावात, मार्कहॅममध्येच, एका घरी काम होतं. घरवाला मुलगा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. बेसमेंटच्या भिंतीतून पाणी झिरपायचं. बाहेरून भिंतीलगत थेट पायापर्यंत चर खणायचा, भिंतीला वॉटरप्रूफिंगचा जाड पडदा चिकटवायचा, आणि पाऊस यायच्या आत माती परत भरायची. पावसाचा अंदाज संध्याकाळचा होता. आणि त्याच भिंतीच्या पलीकडे, आत, त्याची आई पलंगावर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बेसमेंटचं मागचं दार सरळ अंगणात उघडतं, जिना नको म्हणून तिला खाली ठेवलेली.

पडदा चिकटवून झाला. आभाळ पश्चिमेकडून काळं होत आलं. काका माती भरायला मशीनवर चढले, आणि मशीन मुकं झालं.

म्हणजे इंजिन चालू होतं गं, पण आवाज एकदम खाली आलेला. लिव्हर ओढा, ढकला, बकेट जागची हलेना. स्क्रीनवर लाल चिन्ह, कम्युनिकेशन नाही म्हणून. बंद करून चालू केलं, तरी तेच.

“पंप गेला,” काका म्हणाले.

“पंप गेला असता तर कण्हला असता. खाली उतरा, मला बघू द्या.”

मुलगा चराच्या काठाशी उभा. “काकू, पाऊस आला तर?”

काय सांगू त्याला? चरात पाणी साठलं की पायाखालची माती सुटते, आणि माती सुटली की भिंत बसते. भाड्याच्या मशीनवाल्यांना फोन लावला होता, ते सोमवार म्हणाले. एवढा ढिगारा फावड्यानं ओढायचा तर दिवस गेला असता. मी म्हटलं, “आईला वर हलवायची तयारी ठेव.”

तर आतून, खिडकीतून, आवाज आला. “मी कुठी जात नाही! काय झालं व बाई, रुसली का तुमची मशीन?”

“आतल्या आत बोलणं बंद झालंय तिचं.”

“मंग तुम्ही बोला की तिच्याशी!”

हसू आलं. आता हे समजून घे, म्हणजे पुढचं कळेल. पोकलेनमध्ये इंजिनचा एक कंट्रोलर, पंपाचा एक, स्क्रीनचा एक, असे तिघं-चौघं असतात. ते एकमेकांशी दोन बारीक वायरींवरून बोलतात. वेणीसारखा पीळ घातलेल्या, एक पिवळी, एक हिरवी. बोलणं तुटलं की मशीन स्वतःलाच कुलूप लावतं. कुणाला इजा नको म्हणून. मी स्कॅनर लावला. एकही कंट्रोलर ओ देईना. एक गप्प असता तर त्याचा दोष म्हटला असता. सगळेच गप्प, म्हणजे रस्ताच बुडाला.

बॅटरी सोडवली, मल्टिमीटर लावला. त्या दोन वायरींत साठ ओहम यायला पाहिजेत. आला जवळजवळ शून्य. दोघी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या होत्या. पण कुठे?

जुनं मशीन म्हटलं की पहिला संशय आधीच्या मालकावर, ही आमच्या धंद्यातली खोड. सीटच्या मागे त्यानं वायरिंगला जोड देऊन टेप गुंडाळलेली मला माहीत होती. हाच चोर, म्हणून ती सगळी टेप मी सोलून काढली. आत जोड अगदी स्वच्छ, मोत्यासारखा. तेवढा वेळ फुकट गेला, आणि माझ्या मनगटावर पहिला थेंब पडला.

“अगं, लवकर!” काका.

“मागे उभं राहून अगं-अगं करू नका, टॉर्च धरा!”

मग केबिनच्या मागचा मोठा कनेक्टर उपटला. केबिनकडची बाजू मोजली, ठीक. इंजिनकडची मोजली, शून्य. म्हणजे दुखणं मागे. इंजिनच्या बाजूचं दार उघडलं, आणि बघते तर वायरींच्या जुडग्यावर झेंडूच्या पाकळ्या.

पाकळ्या! दाराच्या आत!

टॉर्च जवळ घ्यायला लावला. बाहेरच्या दांडीला बांधलेल्या माळेचं टोक फटीतून आत आलं होतं, आणि ते टोक दोऱ्याचं नव्हतं, लोखंडी तारेचं होतं. दार दाबून लावल्यावर ते वायरींच्या आवरणात घुसलं होतं, रस्त्यावरच्या आणि खोदाईच्या हादऱ्यांनी आणखी आत, पिवळी-हिरवी दोघींच्या मधोमध.

मी काकांकडे बघितलं.

“ट्रेलरवर वाऱ्यानं माळ तुटते दरवर्षी,” ते म्हणाले. “देवाची माळ रस्त्यात पडू नये म्हणून यंदा तारेत ओवली…”

“म्हणून मशीनची जीभ शिवलीत!”

बोलायला वेळ नव्हता. तार ओढून काढली. मुलानं छत्री धरली, पण निम्मी माझ्यावर, निम्मी चरावर. त्याची नजर तिथून हलेना. वायरी पुसल्या, वेगळ्या केल्या, एकेकीला टेप लावली, परत पीळ घातला, कनेक्टर बसवला. मीटर लावला. साठ.

बॅटरी जोडली. काकांनी किल्ली फिरवली. लाल चिन्ह क्षणभर राहिलं. मग गेलं. बकेट उचलली आणि पहिली माती चरात धप्प पडली. पाऊस वाढत होता, काका भरत होते, मी भिंतीकडे बघत उभी. चर भरून वर उतार केला तेव्हा मी इतकी भिजले होते की बुटांतून पाणी निथळत होतं.

खिडकीतून आवाज आला, “झालं का व त्यांचं बोलणं सुरू?”

“झालं!”

“मंग आत या, चहा घ्या. नवऱ्याशी उद्या बोला.”

दुसऱ्या दिवशीही काही मी धड बोलले नाही. काका गुपचूप यार्डातलं तारेचं भेंडोळं भंगाराच्या पेटीत टाकून आले.

पूजा अजून होते गं, आणि माळही. पण सुती दोऱ्यात, इंजिनच्या दारापासून लांब बांधलेली, आणि ट्रेलर निघायच्या आधी मी स्वतः ती उतरवते. एकच अडचण आहे. मीटरचे आकडे मोठे, ते दिसतात. सुईचं नाक आता दिसत नाही. आणि काकांच्या हातात माळ मी परत द्यायची नाही.

तेव्हा यंदा नवरात्रात ये. दोरा मी आणून ठेवलाय, फुलं कुंड्यांत लावलीत. लवकर ये, बाई.