अंजिरी गाडीची घडी

साडी ट्यूबलाइटखाली बघून घेऊ नये, दारात उन्हात नेऊन बघावी, हे मी उभा जन्म गिऱ्हाइकांना सांगत आले. लातुरात आमचं साड्यांचं दुकान. शाळा माझी चौथीतच सुटली, पण रंगाच्या बाबतीत मला कुणी फसवावं अशी कुणाची टाप नव्हती. राघू हिरवा आणि पोपटी हिरवा यातला फरक ज्या बाईला कळत नाही, तिला मी मनातल्या मनात नापास करायचे. असल्या ह्या बाईनं, म्हणजे मीच, गाडीचा रंग पोराच्या मोबाइलवर, दुपारी पलंगावर पडल्या पडल्या, चष्मा न लावता पसंत केला.

गाडी कशाला घेतली ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ह्या वयात म्हातारीला काय हौस सुचली.

आमच्या मालकांना, म्हणजे ह्यांना, काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर औषधानं टिकेल, गेलेली परत यायची नाही. गडद रंग अजून समजतो त्यांना, पण उन्हातलं पांढरं दिसत नाही. नुसता उजेड दिसतो म्हणतात. आणि आमची जुनी गाडी पांढरी. आमचीच काय, आमच्याकडं गाडी म्हणजे पांढरीच. लग्नाला गेलं की कार्यालयासमोर बगळ्यांचा थवा उतरल्यासारखा वाटतो.

नांदेडला असंच एक लग्न होतं. जेवणं झाली. मालक म्हणाले, "मी गाडीत जाऊन बसतो, तू ये तुझं बोलणं आटपून." माझं बोलणं आटपायला जो काय वेळ लागतो तो लागला. इकडं हे एका पांढऱ्या गाडीत जाऊन बसले. आत एसी चालू, जेवण जड, डोळा लागला. ती गाडी नवरीकडच्यांची. त्यांच्या ड्रायव्हरला वाटलं, आपल्यातलेच कुणी वडीलधारे असतील. त्याला देगलूरहून पाहुणे आणायचे होते, तो निघाला. नायगाव मागं पडल्यावर मालकांना जाग आली आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "का रे, लातूर आलं का?"

हा किस्सा आमच्या सोयऱ्याधायऱ्यांना कितीतरी दिवस पुरला. तेही सगळ्यांबरोबर हसले. पण त्यानंतर ते कुठल्या लग्नाला गेले नाहीत. आज पोट बरं न्हाई, उद्या गुडघा धरलाय. सोमवारी महादेवाला जायचे, तेही बंद. अर्ध्या लातूरला नावानिशी ओळखणारा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिला. त्यात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नातीचं लग्न ठरलं, देगलूरला. बहीण फोनवर म्हणाली, "दादा, तू आला न्हाईस तर मी बी मांडवात येणार न्हाई." हे म्हणाले, "बघू." त्यांचं "बघू" म्हणजे नाही. संसार केलाय मी त्यांच्याशी.

मग मी ठरवलं, गाडीच बदलायची. रंग असा घ्यायचा की सगळ्या बगळ्यांत आपली गाडी ह्यांना लांबून कळली पाहिजे, कुणाचा हात न धरता जाऊन बसता आलं पाहिजे. आणि हे देगलूरच्या लग्नाच्या आत झालं पाहिजे.

लातुरातल्या शोरूममध्ये पांढरी होती, करडी होती आणि काळी होती. नवीकोरी वस्तू काळी घ्यायला माझं मन धजेना. नांदेडलाही हेच तीन. शेवटी पोरानं मोबाइलवर शोधलं आणि थेट नाशकातल्या एका शोरूमला माझा रंग सापडला. अंजिरी. पिकून फुटायला आलेलं अंजीर असतं ना, अगदी तस्सा. खाली इंग्रजीत काहीतरी नाव लिहिलेलं. पोरगा म्हणाला, "आई, ह्या नावाचा अर्थ जरा वेगळा..."

"मला तू रंगाचा अर्थ सांगतो का?"

बिचारा मोबाइल घेऊन उठून गेला. त्या दिवशी त्याला बोलू द्यायला पाहिजे होतं.

पोराचं म्हणणं, रेल्वेनं जाऊ आणि गाडी चालवत घेऊन येऊ. मी म्हटलं, अजिबात नाही. आमच्या धंद्यात एक आहे, नव्या साडीची घडी जिची तिनंच मोडायची. बघायला म्हणून दुसरीनं अंगावर टाकली तरी घेणारीचं मन मोडतं. ह्या गाडीची घडी मालकांनी मोडायची, पहिलं बूड त्यांचं टेकलं पाहिजे, असं मी मनात धरून बसले होते. म्हणून गाडी ट्रकवर चढवून आणायची. शोरूमच्या मुलीला मीच फोन लावला.

"हे बघ ताई, गाडी ट्रकवरनं पाठवा. घडी मोडायची न्हाई."

"काकू, घड्याळ डिजिटल आहे गाडीत. मोडणार नाही, गॅरंटी आहे."

"घड्याळ न्हाई गं, घडी."

"हो काकू, तेच. कंपनीचंच आहे."

पोरगी गोड होती, म्हणून मी पुढं विचारलं, "बरं, वर काय देता?" तिनं पायाखालचे मॅट देते म्हणून सांगितलं. मी इतकी खूश झाले, जणू पैठणीवर ब्लाउज पीस काढून घेतला. पत्ता विचारला तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "नांदेड रोड." आमचं घर लातुरात नांदेड रोडला आहे. लातूर हा शब्द सांगायचा राहिला. मला काय वाटलं असेल, तर सगळ्या जगाला ठाऊक आहे मी लातूरची म्हणून.

गाडी यायच्या दिवशी मी आरतीचं ताट घेऊन सकाळपासून दारात. ट्रकच्या ड्रायव्हरचा फोन आला.

"मावशी, आलो मी. लातूर फाट्यावर उभा हाय."

मला त्यातलं लातूर तेवढं ऐकू आलं. "मग आलासच की. तिथनं सरळ ये, पाण्याची टाकी दिसंल."

थोड्या वेळानं पुन्हा फोन. "टाकी आली मावशी."

"आता डाव्या हाताला मारुतीचं देऊळ."

"हाव, देऊळ बी आलं."

"त्याच्या पुढं पिठाची गिरणी, गिरणीपासून तिसरं घर आमचं."

"गिरणी हाय मावशी. पण घराला कुलूप हाय."

मी माझ्या उघड्या दारात उभी राहून त्याला म्हणाले, "कुलूप कसलं, मी दारात उभी हाय. हात हलवते, बघ." आणि खरंच मी रिकाम्या रस्त्याकडं बघून हात हलवला. तो म्हणाला, "इथं तर एक म्हशीशिवाय कुणी न्हाई."

शेवटी पोरानं माझ्या हातातून फोन काढून घेतला. लातूर फाटा हा नांदेडात आहे. तो गडी अख्ख्या नांदेडातून माझ्या लातूरच्या खुणांनी फिरत होता, आणि पाण्याची टाकी, मारुती आणि गिरणी कुठल्या गावात नसते? पोरगा फोन ठेवून म्हणाला, "आई, त्या घराला कुलूप नसतं तर तू आपली गाडी त्यांच्या दारात उतरवली असतीस." आत खुर्चीतून मालकांचा आवाज आला, "मी बी असाच देगलूरला चाललो होतो." बऱ्याच दिवसांनी ते आपणहून काही बोलले होते, म्हणून मी राग गिळला.

ट्रक दुसऱ्या दिवशी आला. एवढं लांब धूड आमच्या गल्लीत वळेना, मोठ्या रस्त्यावरच थांबलं. ड्रायव्हरनं मागच्या फळ्या टाकल्या, वर चढला, दार उघडून आत बसायला लागला. मी हात आडवा केला.

"थांब बाबा, आत बसू नको. घडी मोडंल."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. "मग उचलून नेता का मावशी?"

गाडी ट्रकवर चढली ती कुणीतरी चालवूनच चढवली असणार, हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. माझ्या मनात ती साडीच्या पुडक्यासारखी अलगद फळीवर ठेवली गेली होती. तो गडी आत बसला, गाडी खाली उतरवली आणि आमच्या दारापर्यंत आणून उभी केली. घडी मोडली ती मोडली, आणि आता रंग.

आधी मला वाटलं धूळ आहे. पोरानं पाइप लावून धुतली. धूळ गेली, रंग तोच राहिला. लख्ख उन्हात, ज्या उन्हात मी सगळ्या लातूरला साड्या बघायला लावल्या त्याच उन्हात, ती गाडी हुलग्याच्या माडग्यासारखी दिसत होती. तपकिरी. मोबाइलवरच्या त्या इंग्रजी नावाचा अर्थही तोच निघाला. माझी सून तशी फार बोलणारी नाही. ती दारात येऊन म्हणाली, "अंजिरीच हाय की आई. वाळलेलं अंजीर."

मी आत जाऊन दार लोटून शोरूमच्या मुलीला फोन केला. "ताई, रंग बदलून देता का? मॅट सुद्धा अजून उघडलेले न्हाईत." ती म्हणाली, "काकू, तुमच्या नावानं नंबर पडलाय आता." मी किती बायकांना आमच्या दुकानात म्हणाले असेन, पिको-फॉल झाल्यावर माल परत घेत नाही म्हणून. तेच ते, फक्त आवाज तिचा होता.

बाहेरचं हसणं ऐकून मालक काठी घेऊन फाटकापर्यंत आले. गाडी समोर उभी. तिच्या मागं नळासाठी खणलेल्या मातीचा ढीग. मातीपुढं मातीच्या रंगाची गाडी. ते डावीकडं बघत होते.

"कुठं हाय?"

माझ्या हातातलं ताट जड झालं. पांढरी निदान उजेडासारखी तरी दिसायची. ही तर त्यांच्यासाठी नव्हतीच. लग्न तोंडावर आलं होतं आणि मी नाशकाहून, ट्रकवर घालून, त्यांना न दिसणारी गाडी आणली होती.

पोरानं त्यांचा हात धरून गाडीवर टेकवला. आमच्यात नव्या गाडीला घरातल्या मोठ्यानं विभूती लावायची असते. जुन्या गाडीलाही लावली होती, पण पांढऱ्यावर पांढरं, ते देवालाच दिसलं असेल. मी वाटीत विभूती पाण्यात कालवून दिली. त्यांनी तीन बोटं बुडवली. बारीक त्यांना जमत नाही, म्हणून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, अख्ख्या बॉनेटभर तीन पट्टे ओढले. ओली विभूती काही दिसली नाही. पोरानं नारळ फोडला, सुनेनं चाकाखाली लिंबं ठेवली. तोवर उन्हानं विभूती वाळली आणि ते तीन पट्टे दुधासारखे पांढरे उमटले.

मालक फाटकाशी उभे होते. मान जरा तिरकी करून बघत होते. मग काठी टेकत मागं गेले, कडुलिंबापर्यंत.

"दिसून राहिली की."

अजून मागं गेले, गिरणीपर्यंत. तिथून ओरडून म्हणाले, "इथनं बी दिसून राहिली." गिरणीवाला बाहेर येऊन विचारायला लागला, काय झालं म्हणून.

मी लगेच सगळ्यांना सांगितलं, गडदावर पांढरं उठून दिसतं, त्यासाठीच मी गडद रंग घेतला. सून पदर तोंडाला लावून आत गेली.

देगलूरला आम्ही गेलो. निघताना त्यांनी पट्टे पुन्हा ताजे केले आणि पुढच्या सीटवर बसले. बहीण त्यांना बघताच हात धरून मांडवात घेऊन गेली. जेवणं झाली. मी नेहमीप्रमाणं बायकांत अडकले. बाहेर येऊन बघते तर मालक नाहीत. पोराला विचारलं, त्याला माहीत नाही. मी त्या मैदानात गाड्यांमधून धावत सुटले, ह्या वयात, नेसूचा घोळ हातात धरून. एका गाडीचं दार उघडून वाकले तर आत कुणीतरी बाई लेकराला पाजत होती.

"इकडं," आवाज आला.

दोन गाड्या सोडून मालक बसले होते. दार उघडं, पाय बाहेर, हातात विडा. बाजूला त्यांचे धर्माबादचे कुणी जुने ओळखीचे उभे होते, त्यांना नांदेडचा किस्सा सांगणं चाललं होतं. स्वतःच सांगत होते, किस्सा नायगावपर्यंत आला होता.

माझ्याकडं बघून म्हणाले, "मी कवाचा येऊन बसलो. तू काय, अंजिरी गाडी हुडकून राहिलीस का?"

मला दम लागला होता. मागच्या सीटवर जाऊन बसले.