नाव घातलेला डबा

आमच्या घरमालकिणीचा कुत्रा ज्या डब्यात जेवत होता, त्या डब्यावर माझ्या बायकोचं नाव होतं.

खोलीतल्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून बादली घेऊन मी त्यांच्या मागच्या अंगणात गेलो होतो. एरवी तिकडे जायचं कारण पडत नसे. गोठ्याच्या भिंतीला टेकून डबा पडला होता. कडी तुटलेली. आत शिळा भात, माशाचे काटे, वर माश्या. कुत्रा तोंड घालून चाटत होता आणि डबा फरशीवर खरडत पुढे सरकत होता. खरडण्याचा तो आवाज मी आधी ऐकला. मग अक्षरं दिसली. अक्षरांच्या खाचांत भात वाळून बसला होता.

‘कालकथित सुमन यांच्या स्मरणार्थ.’ खाली आमचं आडनाव.

आमच्या लोकांत गेलेल्या माणसाला कालकथित म्हणतात. आम्ही स्वर्गवासी म्हणत नाही, कैलासवासी म्हणत नाही. स्वर्गावर आमचा भरवसा नाही. सुमन गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या प्रत्येकाला मी स्टीलचा एकेक डबा दिला होता, नाव घालून. सगळे वाटून झाल्यावर एक उरला. तो माझ्याकडे राहिला. घरात तिचं म्हणून जे काही होतं, त्यातलं ते शेवटचं.

मी खालापूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. सुमन गेल्यावर पनवेलची जागा सोडली. मुलगा पुण्याला नोकरीत. एकट्या माणसाला किती जागा लागते म्हणून कर्जत-कडाव रस्त्यावरच्या एका गावात खोली घेतली. मालक भातशेतीवाले, जुने. त्यांच्या मुलाचं कळंबला रिसॉर्ट. पुढे त्यांचं घर, मागे ओळीने दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत एक मास्तर आणि त्यांची बायको. मालकीणबाईंना मी काकी म्हणायचो. त्या मला भाऊ म्हणायच्या.

पन्नाशीत मी पहिल्यांदा भाकरी थापली. तिचा नकाशा झाला. कांदा कापताना बोट कापलं. कुकरची रिंग काढून धुवायची असते, हे वास मारायला लागल्यावर कळलं. कर्जतच्या बाजारात भाजीवाली विचारायची, किती देऊ? मला सांगता यायचं नाही. एका माणसाला वांगी किती लागतात? एक मागितलं की ती माझ्याकडे बघायची आणि एक जास्तीचं टाकायची. हळूहळू जमलं. आमटी जमली, भात जमला. सुकट मात्र मी लपून करायचो.

का, ते सांगतो.

पहिल्याच महिन्यात मी सुकट भाजली. कांदा घालून, वर कैरीची फोड, सुमन करायची तशी. दुसऱ्या दिवशी काकी दारात आल्या. आत आल्या नाहीत. आत त्या कधीच आल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊ, काल सुकाट भाजलंत काय? न्हाय, आमचं काय न्हाय. मास्तरीणबाई शाकाहारी हाय ना. वासानं तिला वलटी येते. जरा बगा.”

मी म्हणालो, “हो काकी. चुकलं.”

चुकलं! त्याच संध्याकाळी काकींच्या चुलीवर बोंबील भाजत होते. सगळ्या आळीत घमघमाट. मास्तरीणबाई ओट्यावर बसून त्यांच्याशी हसून बोलत होत्या. कोणाला उलटी आली नाही. मी हे पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. त्यानंतर सुकट करायची झाली तर खिडकी लावून, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबून. आत धुराने डोळे चुरचुरायचे. माणूस स्वतःच्या घरात स्वतःच्या जेवणासाठी असा चोर होतो.

आणखीही लपवलं. निळ्या कोटातली तसबीर मी भिंतीवर लावली नाही. ती कपाटात, कपड्यांच्या मागे, उभी करून ठेवली. बुद्धाची लहान मूर्ती मात्र टीव्हीवर होती. ती चालते. काकींच्या मुलाच्या रिसॉर्टमध्ये पोहण्याच्या तलावाशेजारी माणसाएवढा बुद्ध बसवलाय, लोक त्याच्या खांद्यावर ओले टॉवेल टाकतात. माझं आडनाव दोन-तीन जातींत चालतं. कुणी “तुमी म्हंजी कुटले?” विचारलं की मी गावाचं नाव सांगायचो आणि विषय पावसावर न्यायचो. जयंतीला मी कर्जतला गेलो नाही, बरं वाटत नाही असं सांगून दार लावून झोपून राहिलो. लांबून बँड ऐकू येत होता. सुमन असती तर मला हाताला धरून नेलं असतं.

काकी मला जेवण पाठवायच्या. यात खोटं बोलणार नाही. सणाला पुरणपोळी, नव्या भाताच्या भाकऱ्या, कधी कोंबडीचा रस्सा. त्यांची सून आणून द्यायची. नेहमी प्लास्टिकच्या डब्यात. रिसॉर्टवर पार्सलला वापरतात ते, पांढरे, पातळ झाकणाचे. ती डबा उंबऱ्यावर ठेवायची आणि म्हणायची, “फेकून द्या हां. परत नका आनू.”

मला वाटायचं, किती विचार करतात! एकट्या माणसाला भांडी घासायला नकोत म्हणून. आणि मी ते डबे फेकले नाहीत. गरम पाण्याने घासले. रश्श्याचा पिवळा डाग जायचा नाही, तरी घासले. एकात हळद भरली. एकात तिखट. वाल, गूळ, चहापावडर, मीठ. माझी मांडणी त्यांच्या डब्यांनी भरून गेली. पुण्याहून मुलगा आला तेव्हा मी त्याला कौतुकाने दाखवलं, बघ, माणसं किती चांगली आहेत. तो बघत राहिला. त्याला तेव्हाच कळलं असावं.

मास्तरांकडे जेवण जायचं ते स्टीलच्या पातेल्यात. हेही मी रोज बघत होतो. पातेलं परत यायचं तेव्हा त्यात काहीतरी असायचं. चार लाडू, मूठभर चिवडा, काही नसलं तर चमचाभर साखर. आपल्याकडे रीतच आहे, शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. सुमन ही रीत फार पाळायची. घरात काही नसेल तर चार मिरच्या टाकायची.

तेच माझ्या डोक्यात बसलं. एवढं खाल्लं आणि एकदाही भरून काही दिलं नाही. रविवारी बिरडं करायचं ठरवलं. कडवे वाल आणले, भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले. मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलला. दाणा अखंड राहिला पाहिजे, सुमन म्हणायची, तुटला की बिरड्याचं पिठलं होतं. अख्खी सकाळ गेली. बोटं चिकट झाली, नखांत सालं गेली. ओल्या नारळाचं वाटण, ओवा, आमसूल, गुळाचा खडा. चव घेतली आणि मला रडू आलं. तिच्या हातची नव्हती, पण तिच्या घरातली होती.

प्लास्टिकमध्ये कसं द्यायचं? आपण दुसऱ्याला देतो ते चांगल्या भांड्यात. चांगलं भांडं माझ्याकडे एकच होतं. कडीच्या डब्यात बिरडं भरलं, फडक्याने बाहेरून पुसलं आणि देऊन आलो. डब्यावर काय लिहिलंय हे माझ्या लक्षातच आलं नाही. रोज बघून बघून मला ती अक्षरं दिसेनाशी झाली होती.

काकींनी डबा घेतला. घेताना वाचला. मला वाटलं, नाव वाचून त्यांना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, “आवो, कशाला तरास घेतलात, भाऊ.”

डबा परत आला नाही. आठवड्याने विचारलं. “हाय की. कुटं ठेवला काय म्हाईत. देते हुडकून.” पुन्हा विचारलं. “सूनबाईला इचारते.” मग मला मागायची लाज वाटू लागली. एका डब्यासाठी किती मागायचं?

आणि मग त्या दिवशी मागचं अंगण.

मी बादली खाली ठेवली. कुत्रा गुरगुरला. मी डबा ओढून घेतला, आतला भात बाजूला ओतला. हाताला बुळबुळीत लागलं. लाळ. त्यांच्याच नळाखाली बसलो, राख पडली होती ती घेतली आणि घासायला लागलो. काडीने एकेका अक्षरातला भात काढला. सु. म. न.

काकी बाहेर आल्या. मागे सून, हातात सूप.

“आवो भाऊ, ऱ्हाऊ द्या तो. मोत्या जेवतो त्याच्यात.”

“माझा डबा आहे, काकी.”

“म्हाईत हाय ना. चुकून गेला आसंल पोरांच्या हातून. आता तुमी तो काय करनार? दुसरा आनून देते, नवा.”

मी घासत राहिलो. विचारलं, “बिरडं कोणी खाल्लं?”

सून हसली. वाईट हेतूने नसेल. तिला ते हसण्यासारखंच वाटलं असेल. म्हणाली, “मोत्यानंच. लय आवडीनं खाल्लं त्यानं.”

“गप गं तू,” काकी म्हणाल्या.

मी उठलो. हातातून राखेचं पाणी गळत होतं. “काकी, मास्तरांना पातेल्यात देता. मला प्लास्टिकमध्ये का?”

त्या चिडल्या नाहीत. उलट समजावणीच्या सुरात बोलल्या, लेकराशी बोलावं तसं. “हे बगा भाऊ, आमी तुमाला कदी काय बोललो? खोली दिली ना? समदं म्हाईत आसून दिली. दुसऱ्या कोनी दिली नसती. ज्याचं त्याचं आसतं, ते सांभाळाया लागतं.”

समदं म्हाईत आसून.

म्हणजे पहिल्या दिवसापासून. तसबीर कपाटात होती तेव्हाही. मी पावसावर बोलत होतो तेव्हाही. फटीत फडकं कोंबून डोळे चोळत सुकट खात होतो तेव्हाही. मी लपत होतो आणि त्या मला आरपार बघत होत्या. डब्याने काहीच उघडं केलं नाही. उघडं करायला काही उरलंच नव्हतं. मी फक्त स्वतःपासून लपलो होतो. बायकोच्या मरणानंतर तिचं नाव कोरणारा मी, आणि तसबीर कपाटात उभी करून ठेवणाराही मीच.

मला किळस आली. कुत्र्याची नाही. तो भुकेला जीव, त्याने अन्न अन्नासारखं खाल्लं. काकींची आली, सुनेच्या हसण्याची आली. आणि सगळ्यात जास्त त्या “हो काकी, चुकलं”ची आली, जे माझ्याच तोंडातून निघालं होतं.

खोलीत आलो. मांडणीकडे पाहिलं. हळद, तिखट, मीठ, गूळ. सगळं त्यांच्या डब्यांत. ज्या डब्यांनी मला रोज सांगितलं होतं की तुझं भांडं आमच्या घरात नको, त्याच डब्यांत मी माझं मीठ जपून ठेवलं होतं. घासून, पुसून, ओळीने.

जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली आणि एकेक डबा रिकामा केला. हळदीचा ढीग, तिखटाचा ढीग, वाल. खोलीभर तिखट उडालं, मी शिंकत होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दार सताड उघडं होतं. डबे गोणीत भरले आणि गोणी त्यांच्या पुढच्या ओट्यावर नेऊन ठेवली. मग बाजारात जाऊन काचेच्या बरण्या आणल्या. येताना सुकटही आणली. तसबीर कपाटातून काढली, काचेवरची धूळ पुसली आणि दारातून समोर दिसेल अशी ठोकली. खिळा ठोकल्याचा आवाज मास्तरांकडे गेला असणार. खिडक्या उघडल्या आणि सुकट भाजली. मास्तरीणबाई बाहेर आल्या, नाकाला पदर लावला, आत गेल्या. कुणी काही बोलायला आलं नाही.

पुढच्या सणाला सून पुन्हा आली. पांढरा डबा उंबऱ्यावर. “फेकून द्या हां.”

मी बसल्या जागेवरून म्हणालो, “सूनबाई, घेऊन जा. काकींना सांग, भांड्यात द्या. भांडं परत येईल, भरून येईल. ते चालणार नसेल तर देऊ नका.”

ती डबा उचलून गेली. पोळ्यांचा वास थोडा वेळ दारात राहिला. खरं सांगतो, तोंडाला पाणी सुटलं होतं.

काकी संध्याकाळी आल्या. दाराबाहेरूनच. “येवडं काय मनाला लावून घेता, भाऊ? पोराला खोली लागतीया. या महिन्याअखेर बगा दुसरीकडं.”

“पोराला कशाला लागते खोली, काकी? त्याचं आख्खं रिसॉर्ट आहे. खरं कारण सांगा. तोंडाने सांगा, मी लगेच जातो.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग भिंतीवरच्या तसबिरीकडे. कारण त्यांनी सांगितलं नाही. इतकी वर्षं ते प्लास्टिक सांगत होतं, तोंडाला त्याची सवय नव्हती.

हा रविवार खोल्या बघण्यात चाललाय. सकाळी कर्जतला एकाने दार उघडलं. चांगला माणूस दिसला. हसून म्हणाला, “या ना, साहेब. एकटेच का? गाव कुठलं तुमचं?”

मी पावसाचं काढलं नाही. पिशवीतून डबा काढला. तुटलेल्या कडीच्या जागी तार बांधली आहे. तो त्याच्या हातात दिला.

म्हणालो, “आधी हे वाचा. मग खोली दाखवा.”

तो वाचत होता. मी मान खाली घातली नाही. पुढच्या दारातही हेच करणार आहे, त्याच्या पुढच्याही.